चेंबरचे झाकण ते छज्ज्याची खाच

चेंबरचे झाकण गोल असते, कारण गोल झाकण स्वतःच्याच भोकातून खाली पडू शकत नाही. चौकोनी झाकण उभे करून भोकाच्या कर्णावर धरले, की ते सरळ आत जाते. कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. वर्तुळ कसेही फिरवले तरी रुंदी तेवढीच. शिवाय एकट्या माणसाला न उचलवणारे बिडाचे झाकण गोल असेल, तर कडेवर उभे करून घरंगळत नेता येते आणि परत बसवताना कुठली बाजू कुठे, हे पाहावे लागत नाही. वरची नक्षी शोभेसाठी नसते. ओल्या बिडावरून पाय, चाक आणि एके काळी घोड्याचा खूर घसरू नये, म्हणून ते उंचवटे ओतलेले असतात. चौकोनी झाकणेही शहरात पुष्कळ दिसतात, पण ती बहुतेक उथळ खड्ड्यांवर: टेलिफोनच्या तारा, पाण्याचे मीटर, व्हॉल्व्ह. तिथे झाकण आत पडले तरी हातभर खाली पडणार.

एवढा विचार ज्या वस्तूत आहे, तिच्यावरून रोज हजारो माणसे चालत जातात आणि तिच्याकडे लक्ष जाते ते ती जागेवर नसते तेव्हा. मुंबईत ऑगस्ट २०१७ च्या पुरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. त्यानंतर शहरातल्या मॅनहोलना झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसवण्याची मागणी जोर धरू लागली आणि पुढे तशा जाळ्या बसूही लागल्या. आज कुणी झाकण उचलले आणि खाली दुसरी जाळी दिसली, तर तिचे कारण त्या पावसात आहे.

शहरातले असे बारकावे पायी फिरताना हेरणे, टिपणे आणि जमवणे हा जगभर मूळ धरलेला छंद आहे. जमवणे म्हणजे उचलून घरी नेणे नव्हे. छायाचित्र, रेखाटन, मोजमाप आणि नाव जमवणे. त्यामागचे सूत्र साधे आहे. रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक वस्तू म्हणजे कुणीतरी कधीतरी सोडवलेली अडचण असते. अडचण कालांतराने नाहीशी होते किंवा विसरली जाते. वस्तू मात्र तिथेच उभी राहते. समोर दिसणाऱ्या उत्तरावरून मूळ प्रश्न शोधून काढायचा, हा या छंदाचा खेळ. मुंबई आणि पुणे ही दोन शहरे त्यासाठी फार सोयीची आहेत. दोन्हीकडे निरनिराळ्या काळांतली उत्तरे एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी सापडतात.

पायाखाली

मुंबईच्या जुन्या भागांत फुटपाथच्या कडेला अधूनमधून एक उंच बिडाचा खांब दिसतो. दिव्याच्या खांबासारखा, पण वर दिवा नाही, तारही नाही. बुंध्याशी कधी पट्ट्या, कधी पाकळ्या. बहुतेक लोक त्याला बंद पडलेला दिव्याचा खांब समजतात आणि त्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटवतात. तो खरे तर गटाराचे नाक आहे. मैल्याच्या बंदिस्त नळांत कुजण्यामुळे वायू साठतात. ते माणसांच्या डोक्यांवरून, शक्य तर छपरांच्याही वरून बाहेर जावेत, यासाठी आतून पोकळ असलेले हे खांब उभारले गेले. खांबाला टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो, ही त्याची सोपी ओळख.

पुण्यात याच्याशी नाते सांगणारी, पण शंभरहून अधिक वर्षांनी जुनी गोष्ट आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत जमिनीखालून दगडी नळाने पाणी आणले गेले. पाणी केवळ उताराने वाहत असे. नळात हवा अडकली तर प्रवाह अडतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी हवा बाहेर पडण्याची बांधकामे केलेली होती. त्यांना नाव दिले ‘उच्छ्वास’. पोकळ खांबाला इतके नेमके नाव मुंबईत कुणी दिले नाही, ही भाषेच्या दृष्टीने चुटपुट लावणारी बाब आहे.

पायाखालच्या वस्तूंत सर्वांत हरवलेले म्हणजे मैलाचे दगड. कंपनी सरकारच्या काळात मुंबईतली अंतरे आजच्या हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस चर्चपासून मोजली जात. हे चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. चर्चपासून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दर मैलाला काळ्या दगडाचा खांब रोवलेला असे आणि त्यावर रोमन आकड्यांत मैल व ‘सेंट थॉमस चर्चपासून’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कोरलेला असे. त्यांतले काही अजून जागेवर आहेत. एखाद्याचे फक्त डोके फुटपाथवर आलेले असते आणि त्याला टेकून फुलवाल्याची टोपली असते.

दगड खाली गेलेला नसतो; रस्ता वर आलेला असतो. डांबराचा थर, त्यावर दुसरा थर, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक. हे एकदा ध्यानात आले, की शहरभर त्याच्या खुणा दिसू लागतात. जुन्या इमारतीच्या जोत्याला चार पायऱ्या असाव्यात असे प्रमाण सांगते, पण दिसतात दोनच. दुकानाचा ओटा गुडघ्याइतका असायचा, तो घोट्याशी आलेला. तळमजल्याच्या खिडकीचा गज फुटपाथला लागलेला. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी घरात का शिरते, याचे अर्धे उत्तर या मोजणीत मिळते. तेवढ्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही. पायऱ्या मोजाव्या लागतात.

फोर्टमधल्या फ्लोरा फाउंटनच्या (१८६४) दुरुस्तीच्या वेळी २०१७ मध्ये परिसर खोदला, तेव्हा खाली ट्रामचे रूळ निघाले. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये, आणि शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४ रोजी. रूळ उखडून नेण्यापेक्षा वरून डांबर ओतणे स्वस्त पडले असावे. त्यामुळे ते अर्धे शतक लोकांच्या टाचांखाली शाबूत राहिले.

अलीकडच्या काळातला पायाखालचा बारकावा म्हणजे रेल्वे आणि मेट्रोच्या फलाटांवरची पिवळी उठावाची फरशी. जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये ती कल्पिली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. तिला दोनच अक्षरांची लिपी आहे. लांब पट्ट्या म्हणजे ‘असेच पुढे चला’, गोल टिकल्या म्हणजे ‘थांबा, इथे काहीतरी बदलते आहे’. काठी किंवा तळपाय ही लिपी वाचतो. मुंबई-पुण्याच्या फुटपाथांवर ही फरशी आता पुष्कळ दिसते. मात्र बऱ्याच ठिकाणी पट्ट्या थेट विजेच्या डीपीवर किंवा झाडाच्या आळ्यावर नेऊन सोडतात. बसवणाऱ्याने ती रंगसंगती म्हणून बसवली, लिपी म्हणून नव्हे. अशा चुकाही जमवण्याजोग्या असतात; कदाचित जास्तच.

हाताच्या उंचीवर

नळाचे पाणी घरोघर पोचण्याआधी, आणि पोचल्यानंतरही बरीच वर्षे, शहरातल्या वाटसरूची तहान पाणपोई भागवत असे. मुंबईत दानशूर व्यापाऱ्यांनी बांधलेल्या दगडी पाणपोया आजही अनेक आहेत, बहुतेक कोरड्या. मशीद बंदरच्या भातबाजारातले केशवजी नाईक यांचे कारंजे १८७६ चे. फोर्टमध्ये मिंट रोडवरचे मुळजी जेठा कारंजे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रेखले, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसच्याच (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) वास्तुविशारदाने. ते एका पित्याने अकाली गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी उभारले. त्याच्या माथ्यावर हातात पुस्तक घेतलेल्या मुलाची मूर्ती आहे. खालून जाणाऱ्या गर्दीतल्या बहुतेकांनी ती पाहिलेली नसते, कारण तिथे नजर हातगाड्यांतून वाट काढण्यात गुंतलेली असते.

पाणपोईजवळ गेल्यावर उंचीकडे पाहावे. माणसाने ओंजळ धरायची तोटी छातीच्या खाली असते. त्याहून खाली, गुडघ्याच्या आसपास एक उथळ दगडी द्रोण असतो: बैल आणि घोड्यांसाठी. काही ठिकाणी त्याहून खाली, जमिनीलगत आणखी एक लहान खळगा सापडतो, तो कुत्र्या-मांजरांचा. सांडलेले पाणी एका द्रोणातून दुसऱ्यात उतरावे, अशी रचना. कोण कोण तहानलेले असू शकते, याची यादीच दगडात मांडलेली. आज बैलगाडी नाही, टांगा नाही. द्रोणात चहाचे कागदी पेले.

याच उंचीवर या यादीचे उलटे रूपही भेटते. दुकानाच्या दर्शनी कट्ट्यावर उभे लोखंडी खिळे, बँकेच्या पायरीवर तिरकी सळई, बाकाच्या मधोमध हात टेकण्याच्या नावाखाली घातलेली दांडी. कुणी बसू नये, आडवे होऊ नये, हा हेतू. फोर्टमधल्या एका बँकेच्या शाखेबाहेर असे खिळे बसवले, तेव्हा २०१८ मध्ये लोकांनी ओरड केली आणि ते काढावे लागले. कट्टा तसाच राहिला. खिळ्यांची भोके बुजवली, तरी जाणत्याला अशा बुजवलेल्या भोकांच्या रांगा ओळखू येतात.

यापेक्षा कितीतरी चतुर उपाय जिन्याच्या वळणावर सापडतो. पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेल्या कोपऱ्यात जमिनीपासून फूट-दीड फुटावर गणपती, साईबाबा, येशू, मक्का-मदिना यांच्या टाइल्स ओळीने बसवलेल्या असतात. ना दंड, ना पाटी, ना पहारेकरी. सर्व धर्मांना सारखी जागा देणारे इतके शिस्तशीर दुसरे ठिकाण शहरात क्वचितच. हा उपाय कुणी शोधला याची कुठे नोंद नाही, आणि तो चालतो हे मात्र भिंत सांगते: टाइल्स स्वच्छ, त्यांच्यामधली मोकळी जागा लाल.

दार

पुण्यातल्या जुन्या वाड्यांत बारकाव्यांचे भांडार दारातच उघडते. मुख्य दरवाजा मोठा, जाड फळ्यांचा. त्याच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढे लहान दार, ते दिंडी. दिंडीची उंची मुद्दाम कमी ठेवलेली असते. आत येणाऱ्याला मान लववावी लागते आणि उंबरठा उंच असल्याने पाय वर उचलावा लागतो. डोके खाली, एक पाय हवेत; अशा माणसाला हत्यार उपसता येत नाही. घरच्यांना मात्र त्याची सवय झालेली असते. दारामागे भिंतीत आरपार गेलेले भोक दिसले तर ते अडसराचे: दिवसा जाड लाकूड भिंतीत सरकवून ठेवायचे, रात्री ओढून दारामागे आडवे करायचे. अडसर केव्हाच सरपणात गेला असला तरी भोक राहते. त्याच्या कडा हाताने चाचपल्या, तर लाकडाने घासून गुळगुळीत झालेला दगड कळतो.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात हीच रचना युद्धाच्या मापाची आहे. वाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले आणि १७३२ मध्ये पुरे झाले. दाराच्या प्रत्येक फळीवर अणकुचीदार खिळ्यांच्या नऊ गुणिले आठ अशा रांगा, म्हणजे बहात्तर खिळे, आणि तेही नेमके हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर. हत्तीने धडक मारायची ती जागा. उजव्या फळीत दिंडी. आत शिरल्यावर वाट सरळ न जाता वळते, म्हणजे दार फोडून आलेल्या जमावाला वेग घेता येत नाही. हे सगळे पर्यटक रोज पाहतात, पण खिळे जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतात, हे मोजणारा विरळा.

वाड्याच्या दाराभोवती शब्दांचेही संग्रहालय आहे. चौकटीच्या वरच्या लाकडावर मधोमध गणपती कोरलेला, ती गणेशपट्टी. कमान म्हणजे महिरप. तिच्या टोकाला उलटे लोंबणारे कमळासारखे दिसते ते केळफूल. खाली फुगीर, वर निमुळता होत जाणारा खांब सुरूचा. खांबाच्या डोक्यावरून बाहेर आलेला आणि सज्जा पेलणारा नक्षीचा तिरका लाकडी टेकू म्हणजे घोडा. दिवा ठेवण्याचा भिंतीतला लहान कोनाडा ती देवळी. तिच्या माथ्यावर काजळी नसेल तर एक तर रंग नवा, नाहीतर देवळी नवी. नमुना जमवताना त्याचे नावही जमवावे. वाडा पाडला की लाकूड जुन्या बाजारात जाते आणि कुणीतरी विकत घेते. ‘केळफूल’ हा शब्द विकत घेणारा कुणी नसतो. तो जुन्या सुतारांकडे असतो आणि विचारले तरच मिळतो.

फलाटावर

रेल्वे स्थानकांत थांबावे लागतेच, तेव्हा पाहण्यालाही वेळ असतो. मुंबईच्या जुन्या उपनगरी स्थानकांवर छप्पर पेलणारे कित्येक खांब म्हणजे निवृत्त रूळ आहेत. झिजलेला रूळ उभा केला की उत्तम खांब होतो, हे रेल्वेला फार पूर्वी कळले. रुळाच्या कमरेला, म्हणजे वरचे डोके आणि खालचा पाय यांमधल्या सपाट पट्टीवर, पोलाद लाटतानाच कारखान्याचे नाव आणि साल उठवलेले असते. रंगाच्या पंधरा-वीस थरांखाली ते दबलेले असते. बोटांनी चाचपल्यावर आधी एक उभा उंचवटा लागतो, मग दुसरा. हळूहळू अक्षर जुळते. अक्षरे आडवी वाचायची म्हटली तर मान खांद्यावर टेकवावी लागते आणि आजूबाजूचे प्रवासी थोडे लांब सरकतात.

याच स्थानकांत एक चित्र नुकतेच इतिहासजमा होऊ लागले आहे. लोकलच्या महिला डब्यावर डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रीचा चेहरा अनेक दशके रंगवलेला होता. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही धावत्या गर्दीत आपला डबा लांबून कळावा, हे त्याचे काम. प्रथम वर्गाच्या डब्यावरच्या लाल-पिवळ्या तिरक्या पट्ट्यांचेही तेच. पश्चिम रेल्वेने अलीकडे पदराच्या जागी आधुनिक पेहरावातल्या स्त्रीची चित्रे लावायला सुरुवात केली. त्याच सुमारास, २०२० मध्ये, दादर-माहीम भागातल्या पादचारी सिग्नलांत पुरुषाकृतीच्या जोडीला झग्यातली स्त्री-आकृती आली. लाल दिव्यात ती उभी, हिरव्यात चालती. दोन्ही बदल झाले आणि काही महिन्यांत ‘पूर्वी काय होते’ हे सांगणे लोकांना अवघड जाऊ लागले.

मान वर करून

दुकानांच्या पाट्यांच्या वर शहर बरेचसे मूळ रूपात असते. तळमजला दर दहा वर्षांनी काचेचा, मग संगमरवराचा, मग पुन्हा काचेचा होतो. दुसऱ्या मजल्यावर खर्च करण्यात दुकानदाराला रस नसतो.

व्हिक्टोरियन काळातल्या मुंबईत दगडांची वाटणी ठरलेली होती. जोते, पायऱ्या, भिंती यांसाठी काळा कातळ किंवा कुर्ला-मालाडकडचा पिवळसर दगड. कोरीव कामासाठी मऊ पोरबंदरी चुनखडी. त्यामुळे भिंत टणक राहते आणि तिच्यावरचे चेहरे मात्र पावसाने विरघळत जातात. नाक आधी जाते, मग ओठ. एकाच ओळीतल्या दोन चेहऱ्यांपैकी पश्चिमेकडचा जास्त झिजलेला दिसला, तर मोसमी वाऱ्याची दिशा त्याच्या गालावर नोंदलेली आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (बांधकाम १८७८ ते १८८८) याच्या भिंतींवर मोर, माकडे आणि पानाफुलांचे रान आहे. प्रवेशाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: इंग्लंड आणि हिंदुस्थान. राजाबाई टॉवरच्या अंगावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत, हे घड्याळाकडे पाहणाऱ्यांच्या गावीही नसते. आणि उच्च न्यायालयाच्या इमारतीत एका खांबावर एक माकड बसलेले आहे: एका डोळ्यावर पट्टी, हातात न्यायाचा तराजू. कंत्राटाच्या भांडणात खटला हरलेल्या ठेकेदाराने हे कोरून सूड उगवला, अशी दंतकथा सांगतात. दंतकथा खरी असो वा नसो, माकड खरे आहे आणि तिथली कुठलीच पाटी त्याच्याकडे बोट दाखवत नाही.

ओव्हल मैदानाच्या पूर्वेला हे जग आणि पश्चिमेला आर्ट डेको. मधले अंतर दोन-तीन मिनिटांचे, काळाचे अंतर साठेक वर्षांचे. २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्ही बाजूंच्या मिळून ९४ इमारतींना एकत्र जागतिक वारसा ठरवले. डेकोतला बारकावा दगडातून सिमेंटमध्ये आला. गोलावलेले कोपरे, जहाजाच्या डेकसारखे कठडे, जहाजाच्या खिडकीसारखी वर्तुळे, उगवत्या सूर्याच्या किरणांची लोखंडी फाटके. समुद्र भरून काढलेल्या जमिनीवरच्या इमारतींनी जहाजाचा वेष घ्यावा, यात गंमत आहे. इमारतीचे नाव सिमेंटच्या उठावाच्या अक्षरांत, आणि दर इमारतीला अक्षरांचे वळण वेगळे. जिन्यात मोझॅक किंवा नक्षीच्या सिमेंट टाइल्स. १९२२ मध्ये सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या देशी कारखान्यांनी विलायती फरश्यांना पर्याय उभा केला, तो याच मजल्यांवर.

मात्र डेको इमारतीतला सर्वांत हुशार भाग दिसायला सर्वांत साधा आहे. खिडक्यांवरून भिंतभर फिरणारा छज्जा भुवईसारखा दिसतो. दुपारचे ऊन आणि तिरका पाऊस तो अडवतो, हे कुणालाही कळेल. पण छज्ज्याच्या खाली उभे राहून वर पाहावे. खालच्या बाजूला, कडेपासून इंच-दीड इंच आत, बोटाएवढी एक खाच कडेला समांतर धावते. पावसाचे पाणी कडेवरून ओघळून खालच्या अंगाला चिकटते आणि तसेच भिंतीकडे सरकत जाते. पाण्याची ती खोड आहे. खाचेपाशी आले की त्याला वर चढता येत नाही. थेंब तिथेच अडतो, फुगतो आणि खाली पडतो. भिंत कोरडी राहते. पुढच्या रंगकामात ही खाच पुट्टीने बुजवली, तर दोन पावसाळ्यांत खिडकीच्या वर काळा-हिरवा ओघळ उमटतो. शेजारी शेजारी दोन छज्जे, एक स्वच्छ आणि एक ओघळलेला, अशी जोडी टिपायला मिळाली तर संग्रहात तिच्यासारखा नमुना नाही.

वर पाहताना साल शोधावे. मुंबईच्या इमारतींवर निदान चार कालगणना आहेत. इसवी सन सरळच. ‘शके’ असेल तर ७८ मिळवावेत. गुजराती-मारवाडी इमारतींवर ‘संवत’ असतो. त्यातून ५६ किंवा ५७ वजा करावेत. पारशी अग्यारी आणि बागांवर यझदेगर्दी साल असते. त्यात ६३० मिळवले की जवळपास उत्तर येते. एकाच गल्लीत या चारही पद्धतींची साले भेटली, की गल्लीत कोण कधी राहायला आले, याचा कच्चा आराखडा हाती येतो.

जमवणारे

छंदाचा इतिहास फार जुना नसला तरी भारदस्त आहे. १८६३ मध्ये लंडनमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या शेफर्ड टेलर याने फुटपाथवरच्या कोळशाच्या कोठारांची बिडाची झाकणे वहीत रेखाटायला घेतली. ती छापली गेली १९२९ मध्ये, तो म्हातारा झाल्यावर. टोकियोत १९२३ च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा कोन वाजिरो या वास्तुविशारदाने लोकांनी पत्रे आणि फळ्यांतून उभारलेली तात्पुरती घरे रेखाटून ठेवली. पुढे १९२५ मध्ये त्याने गिंझा रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांची मोजणी केली. पुरुषांपैकी ६७ टक्के पाश्चात्त्य कपड्यांत, बायकांपैकी अवघा एक टक्का. जुन्या अवशेषांच्या शास्त्राला पुरातत्त्व म्हणतात, तसे चालू काळाचे शास्त्र असावे, अशी त्याची भूमिका होती.

त्याच टोकियोत अकासेगावा गेन्पेई या कलावंताला १९७२ मध्ये एक जिना दिसला. पायऱ्या चढून वर जावे तर दार नाही. दुसऱ्या बाजूने तशाच पायऱ्या उतरतात. नवल हे की त्याचा लाकडी कठडा मोडला होता आणि तो नीट दुरुस्त केलेला होता. निरुपयोगी, पण निगा राखलेली वस्तू: या जातीला त्याने पुढे ‘थॉमासन’ नाव दिले. गॅरी थॉमासन हा अमेरिकन बेसबॉलपटू टोकियोच्या संघाने भरभक्कम पैसे देऊन आणला होता आणि त्याची बॅट चेंडूला लागत नव्हती. १९८६ मध्ये अकासेगावाने मित्रांसह रस्ता-निरीक्षणाची मंडळीच स्थापन केली. मुंबईत थॉमासनांची वाण नाही. विटांनी बंद केलेल्या दारापुढची रोज धुतली जाणारी पायरी हे त्यांचे सर्वांत सामान्य रूप.

पॅरिसमध्ये लेखक जॉर्ज पेरेक ऑक्टोबर १९७४ मध्ये सलग तीन दिवस एका चौकात बसून राहिला आणि ज्याची कुणी नोंद करत नाही तेवढेच लिहीत गेला: बस, कबुतरे, छत्र्या. पायी भटकण्याच्या छंदात बसून राहण्यालाही जागा आहे, हे त्याने दाखवले. मुंबईत आर्ट डेकोच्या इमारतींची अशी पद्धतशीर नोंद एक विश्वस्त संस्था गेली काही वर्षे करते आहे. त्यात फाटके, अक्षरे, कठडे यांची वेगवेगळी दालने आहेत.

वही आणि फोन

साधने थोडी लागतात. फोन, लहान वही, खिशातली टेप. आधी लांबून सबंध इमारत किंवा रस्ता टिपावा, मग मधले अंतर, मग बारकावा. उलट केले तर महिन्याने तो बारकावा कुठला, हे टिपणाऱ्यालाच सांगता येत नाही. मापासाठी शेजारी रुपयाचे नाणे ठेवावे. कोरलेली अक्षरे भर दुपारी वाचता येत नाहीत. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरके ऊन हवे, नाहीतर पहिली सर पडून गेल्यानंतरची दहा मिनिटे. दगड सुकतो, खाचेतले पाणी राहते आणि अक्षर काळे उठून दिसते. रुळांचे साल किंवा झाकणावरचे नाव यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासले तर छायाचित्राहून चांगली प्रत मिळते.

न्यायालय, गोदी आणि रेल्वेच्या काही जागा इथे फोटो काढण्यावर निर्बंध असतात. परवानगी विचारून मगच फोन काढावा. चाळीच्या जिन्यात शिरताना तळमजल्यावरच्या कुणाला तरी सांगून जावे. बहुधा तेच सोबत येतात आणि न दिसलेले दोन नमुने दाखवतात. खिळे, टाइल, पितळी कडी काढून घेऊ नये. जागेवरून हलवलेला नमुना मुका होतो, कारण त्याची उंची, दिशा आणि शेजार जातो.

नोंदीत पाच गोष्टी असाव्यात: ठिकाण, दिनांक, माल, माप आणि स्थानिक नाव. दिनांक सर्वांत जास्त विसरला जातो आणि सर्वांत आधी लागतो. पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीला हिरवी जाळी लागल्यावर संग्राहकाला फार तर एखादा महिना मिळतो. त्यात पहिल्यांदा गज आणि फाटके जातात, कारण भंगारात त्यांना भाव आहे. मग सागवानी चौकटी. मग टाइल्स, निघाल्या तर. सिमेंटच्या अक्षरांतले नाव शेवटपर्यंत राहते. ते कुणाच्या उपयोगाचे नसते.